निमास्पिस

निमास्पिस ही गेकोनिडी कुळातील लहान आकाराच्या पालींची एक प्रजाती आहे. या पाली उष्ण कटिबंधातील सावलीच्या जंगलांत, झाडांच्या खोडांवर, मोठ्या दगडांच्या कपारींत आणि ओढ्यांच्या काठच्या कातळांवर राहतात. भारतात त्यांचा मुख्य आढळ पश्चिम घाटात आहे. महाराष्ट्रात कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग आणि पुणे या जिल्ह्यांतील सह्याद्रीच्या भागातून या प्रजातीतील अनेक जातींची नोंद झाली आहे. त्यांतील बहुतेक जाती जगात इतरत्र आढळत नाहीत. काही जातींचे ज्ञात क्षेत्र तर एखाद्या घाटमाथ्यापुरते किंवा पठारापुरतेच आहे.

घरातील भिंतीवर रात्री दिव्याजवळ दिसणाऱ्या पालींपेक्षा या पाली बऱ्याच वेगळ्या आहेत. त्या प्रामुख्याने दिवसा वावरतात, त्यांच्या डोळ्यांतील बाहुली गोल असते आणि बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. मराठी बोलीत त्यांना वेगळे रूढ नाव नाही. सामान्य माणसाच्या लेखी ती पालच. अभ्यासकांच्या व निसर्गविषयक लेखनात त्यांचा उल्लेख ‘दिनचर पाल’ किंवा ‘बुटकी पाल’ असा केला जातो.

या लेखात ‘प्रजाती’ हा शब्द अनेक जातींचा समावेश असलेल्या वर्गीकरणाच्या पातळीसाठी आणि ‘जाती’ हा शब्द तिच्यातील एकेका प्रकारासाठी वापरला आहे. मराठी वृत्तपत्रांत हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने येतात. त्यामुळे ‘पालीची नवी प्रजाती सापडली’ अशा बातमीत बहुतेक वेळा नवी जाती अभिप्रेत असते.

नावाची व्युत्पत्ती

‘निमास्पिस’ हे नाव नडगी आणि ढाल या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. सेंट पीटर्सबर्ग येथील प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर स्ट्राउख यांनी १८८७ मध्ये ही प्रजाती स्थापन केली. त्यांच्यासमोरचा नमुना व्हिएतनामच्या दक्षिणेकडील कोन दाओ बेटांवरचा होता. ब्रिटिश म्युझियममधील सरीसृपतज्ज्ञ जॉर्ज बूलेंजर यांच्या सन्मानार्थ त्या जातीला ‘निमास्पिस बूलेंजेराय’ असे नाव देण्यात आले. ही जात प्रजातीची प्रारूप जाती ठरली. प्रारूप जाती व्हिएतनाममधील असल्यामुळे पुढे भारतीय पालींच्या नावाबाबत एक पेच निर्माण झाला. त्याची माहिती ‘वर्गीकरणाचा इतिहास’ या विभागात दिली आहे.

शरीररचना

महाराष्ट्रातील निमास्पिस पाली आकाराने फारच लहान आहेत. तुंडाच्या टोकापासून अवस्करापर्यंतची, म्हणजे शेपूट वगळून मोजलेली लांबी बहुतेक जातींत सुमारे ३ ते ४ सेंटीमीटर असते. दक्षिणेकडील काही जाती याहून मोठ्या आहेत. अंग सडपातळ, डोके काहीसे लांबट व चपटे, डोळे मोठे आणि पाय अंगाच्या मानाने लांब असतात. इतर पालींप्रमाणे यांनाही उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते आणि पाल ते जिभेने पुसून स्वच्छ ठेवते.

बोटे बारीक असून सांध्यापाशी वाकलेली दिसतात आणि त्यांच्या टोकांना नखे असतात. घरपालीच्या बोटांखाली रुंद पट्टिका असतात व त्यांवरील सूक्ष्म केसांच्या जोरावर ती काचेवरही चालते. निमास्पिसला हे साधन नाही. ती खडबडीत सालीवर आणि खरखरीत दगडावर नखांच्या आधाराने चढते. तिचा वावर जुन्या झाडांच्या खोडांवर आणि कातळांवर अधिक का असतो, याचे एक कारण या रचनेत आहे.

रंग तपकिरी, करडा किंवा राखाडी असून पाठीवर फिकट-गडद ठिपके व पट्टे असतात. शेवाळ आणि दगडफूल चढलेल्या खोडावर बसलेली पाल हलेपर्यंत नजरेस पडत नाही. काही जातींत नराचा गळा किंवा पोट पिवळे, नारिंगी अथवा गडद रंगाचे असते. मादी सहसा फिकट रंगाची असते.

दोन जाती वेगळ्या ओळखण्यासाठी रंगाचा उपयोग मर्यादित आहे, कारण एकाच पालीचा रंग उजेडाप्रमाणे व मनःस्थितीप्रमाणे बदलतो. अभ्यासक पाठीवरील खवले सारख्या आकाराचे आहेत की लहानमोठे मिसळलेले, कुशीवर काट्यांसारखे उंचवटे आहेत का, पोटावरील खवल्यांच्या ओळी किती आहेत, शेपटीखालील खवले कसे आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नराच्या मांड्यांवर आणि अवस्कराच्या पुढे असलेल्या सच्छिद्र खवल्यांना यात विशेष महत्त्व आहे. या छिद्रांतून मेणासारखा स्राव बाहेर पडतो. काही जातींत ही छिद्रे फक्त मांडीवर असतात, काहींत फक्त अवस्करापुढे, तर काहींत दोन्ही ठिकाणी असतात. मादीत ती नसल्यामुळे केवळ मादीचा नमुना हाती असेल तर जात ठरवणे अवघड जाते.

अधिवास आणि जीवनक्रम

या पालींना दमट सावली लागते. पश्चिम घाटातील सदाहरित व निमसदाहरित जंगले, देवराया, ओढ्यांच्या काठची दाट झाडी, घाटरस्त्यांच्या कडेचे ओलसर कातळ आणि क्वचित जुन्या बांधकामांच्या भिंती येथे त्या दिसतात. महाबळेश्वरच्या परिसरातील अंजन, पिसा आणि जांभूळ या झाडांची ठेंगणी राने हा असाच एक अधिवास आहे. काही जाती मुख्यतः खोडांवर राहतात, काही दगडांवर, तर काही जमिनीलगत पालापाचोळ्यात. ही विभागणी सर्वत्र काटेकोर नसते. धोका जाणवला की खोडावरची पाल मागच्या बाजूला सरकते किंवा सालीच्या भेगेत शिरते. कातळावरची पाल कपारीत नाहीशी होते. शेपूट तोडून पळण्याची क्षमता यांच्यातही आहे.

त्यांचा वावर सकाळी आणि दुपारनंतर अधिक असतो. भर उन्हात त्या आडोशाला राहतात. लहान कीटक, कोळी व इतर संधिपाद प्राणी हे त्यांचे खाद्य आहे.

मादी साधारणतः एका वेळी दोन अंडी घालते. अंडी पांढरी व कडक कवचाची असतात आणि ती दगडाच्या खाचेत किंवा सालीखाली चिकटवलेली असतात. एकाच कपारीत अनेक माद्यांनी अंडी घातल्याचेही आढळते. त्यांत जुन्या हंगामातील रिकामी कवचेही तशीच चिकटलेली असतात. सोयीची कपार वर्षानुवर्षे वापरली जात असल्यामुळे असा एखादा दगड हलवला गेल्यास संपूर्ण वसाहतीच्या विणीवर परिणाम होऊ शकतो.

भारतात आढळणारी कोणतीही पाल विषारी नाही. तरीही पाल पडलेले अन्न विषारी होते, ही समजूत महाराष्ट्रात दृढ आहे. पंचांगांत अंगावर पाल पडण्याची फळे ‘पल्लीपतन’ या सदराखाली दिलेली असतात, आणि मनात शंका येण्याला ‘पाल चुकचुकणे’ म्हणण्याची रीतही भाषेत रुळलेली आहे. निमास्पिस मनुष्यवस्तीपासून दूर राहत असल्यामुळे ती या लोकसमजुतींच्या कक्षेत फारशी येत नाही.

वर्गीकरणाचा इतिहास

भारतातील या पालींची शास्त्रीय नोंद प्रजातीच्या स्थापनेपूर्वीच सुरू झाली होती. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४६ मध्ये आज ‘निमास्पिस इंडिका’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे वर्णन केले. टी. सी. जर्डन यांनी १८५३ मध्ये म्हैसूर व मलबार भागांतील जातींची भर घातली. पुढे रिचर्ड बेडोम यांनी दक्षिण भारतातील डोंगरांतून आणखी जाती नोंदवल्या. त्या काळी या पाली वेगवेगळ्या प्रजातींखाली मोडत. १८८५ च्या आपल्या सूचीत बूलेंजर यांनी त्यांना ‘गोनाटोडिस’ या प्रजातीत ठेवले. गोनाटोडिस मुख्यतः मध्य व दक्षिण अमेरिकेतील आहे. गोल बाहुली, गादी नसलेली बारीक बोटे आणि दिवसाचा वावर या साम्यांमुळे तसे झाले. हे साम्य नात्यामुळे नसून सारख्या राहणीमुळे आलेले आहे. माल्कम स्मिथ यांच्या ब्रिटिश इंडियातील सरड्या-पालींवरील १९३५ च्या ग्रंथात भारतीय जाती निमास्पिस या नावाखाली आल्या आणि तेच नाव रुळले.

मात्र बोटांच्या साम्याने जी चूक अमेरिकेच्या बाबतीत घडली, तीच पुढे आशिया व आफ्रिकेच्या बाबतीतही घडल्याचे उघड झाले. आफ्रिका, दक्षिण आशिया आणि आग्नेय आशिया या तिन्ही प्रदेशांतील गोल बाहुलीच्या लहान पाली दीर्घकाळ निमास्पिसमध्येच गणल्या जात होत्या. २०१२ मध्ये पालींच्या विविध गटांतील जनुकांची तुलना करणारा एक व्यापक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे तीन गट एकमेकांचे निकटचे नातेवाईक नसल्याचे दिसून आले. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गटासाठी ‘अँसिलोडॅक्टायलस’ हे १९०७ मधील जुने नाव पुन्हा वापरात आणण्यात आले.

नामकरणाच्या नियमांनुसार प्रजातीचे नाव तिच्या प्रारूप जातीबरोबर राहते. निमास्पिसची प्रारूप जाती कोन दाओ बेटावरची, म्हणजे आग्नेय आशियाई गटातली आहे. त्यामुळे हे तीन गट खरोखर वेगळे मानले तर ‘निमास्पिस’ या नावावर पहिला हक्क त्या गटाचा ठरतो आणि सह्याद्रीतील पालींना दुसरे नाव लागते. या कारणाने अनेक शोधनिबंधांत ‘दक्षिण आशियाई निमास्पिस’ असा सावध शब्दप्रयोग केलेला दिसतो. कोल्हापूरच्या किंवा कोयनेच्या पालीच्या नावातील पहिला शब्द म्हणूनच तात्पुरता मानणे योग्य होय.

भारत व श्रीलंका मिळून दक्षिण आशियाई गटातील ज्ञात जातींची संख्या आता शंभराहून अधिक आहे. २०२१ मध्ये पश्चिम घाटातील पालींवरील एकाच निबंधात १२ नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले. घाटाबाहेरही हा गट आढळतो. हंपी परिसरातून २०१५ मध्ये ‘निमास्पिस अदिआय’ ही जात नोंदवली गेली. म्हैसूरच्या पठारावर ग्रॅनाइटच्या मोठ्या शिळांमध्ये राहणाऱ्या जातींवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांचा गट मायोसीन युगातच वेगळा झाला होता. भोवतालचे हवामान कोरडे होत गेले तरी शिळांच्या कपारींतील गारव्यामुळे हा गट तगून राहिला, असा निष्कर्ष त्यात काढला आहे.

महाराष्ट्र व गोव्यातील जाती

सह्याद्रीच्या उत्तर भागातील निमास्पिसचा अभ्यास दक्षिणेच्या तुलनेत फार उशिरा सुरू झाला. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील आर. सी. शर्मा यांनी १९७६ मध्ये गोव्यातील काणकोण येथून ‘निमास्पिस गोवाएन्सिस’ या जातीचे वर्णन केले. त्यानंतर २००२ मध्ये एरन बाउअर यांनी शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातून नव्या जाती नोंदवल्या.

महाराष्ट्राच्या दृष्टीने २००९ हे वर्ष महत्त्वाचे आहे. वरद गिरी, एरन बाउअर आणि निखिल गायकवाड यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूर येथून ‘निमास्पिस कोल्हापूरएन्सिस’ ही जात प्रसिद्ध केली. या जातीच्या नरात मांडीवरील आणि अवस्करापुढील छिद्रांची एकच सलग ओळ असते. तोवर ज्ञात असलेल्या भारतीय निमास्पिसमध्ये हे लक्षण असामान्य होते. दाजीपूर हा राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. हे अभयारण्य १९५८ मध्ये गव्यांसाठी राखीव करण्यात आले. गव्यासाठी राखलेल्या त्या रानात बोटाएवढी, कोणी नाव न दिलेली पाल पुढची पन्नास वर्षे सुरक्षित राहिली.

२०१४ मध्ये सातारा जिल्ह्यातील कास येथून ‘निमास्पिस गिरीआय’ या जातीचे वर्णन झाले. हे नाव वरद गिरी यांच्या सरीसृपविषयक कार्याच्या गौरवार्थ दिलेले आहे. झीशान मिर्झा, सौनक पाल, हर्षल भोसले आणि राजेश सानप हे या शोधाचे लेखक होत. २०१६ मध्ये साताऱ्याचे अमित सय्यद व सहकाऱ्यांनी आंबोलीतून ‘निमास्पिस फ्लॅविव्हेंट्रॅलिस’ ही जात नोंदवली. पिवळ्या पोटाची, असा त्या नावाचा अर्थ आहे. २०१८ मध्ये सय्यद, अलेक्झांडर पायरन आणि दिलीपकुमार यांच्या एकाच निबंधात उत्तर पश्चिम घाटातील चार जाती प्रसिद्ध झाल्या: महाबळेश्वरची ‘अजिजे’, आंबोलीची ‘आंबोलीएन्सिस’, आणि ‘लिमयेई’ व ‘महाबली’.

अक्षय खांडेकर, तेजस ठाकरे आणि ईशान अगरवाल यांनी २०१९ मध्ये आणखी दोन जातींचे वर्णन केले. कोल्हापूर जिल्ह्यातील आंबा परिसरातील ‘निमास्पिस आंबा’ आणि कोयना परिसरातील ‘निमास्पिस कोयनाएन्सिस’ या त्या जाती होत. याच लेखकांनी २०२१ मध्ये ‘निमास्पिस उत्तरघाटी’ ही जात प्रसिद्ध केली. तिचे नाव तिच्या उत्तर घाटातील स्थानावरून दिलेले आहे.

२००९ ते २०२१ या काळात अशा प्रकारे महाराष्ट्रातून किमान दहा जातींना नावे मिळाली. या पाली नव्याने निर्माण झाल्या नव्हत्या किंवा दुर्गम जागी दडूनही बसल्या नव्हत्या. महाबळेश्वर, कास आणि आंबोली ही राज्यातील सर्वाधिक वर्दळीची पर्यटनस्थळे आहेत. दिसायला सारख्या असल्यामुळे एकाच नावाखाली किंवा कोणत्याही नावाविना त्या दुर्लक्षित राहिल्या. शरीरलक्षणांच्या बारीक मोजणीला मायटोकॉन्ड्रियातील एनडी२ या जनुकाच्या तुलनेची जोड मिळाल्यावर एका डोंगरावरची पाल आणि शेजारच्या डोंगरावरची पाल यांच्यातील अंतर स्पष्ट झाले.

मर्यादित क्षेत्राची कारणे

या पालींचे क्षेत्र इतके लहान का, याचे उत्तर त्यांच्या राहणीत शोधले जाते. दमट सावलीवर अवलंबून असलेला हा बोटाएवढा प्राणी दोन डोंगरांमधील उघडी, उष्ण दरी सहज ओलांडू शकत नाही. घाटमाथ्यावरील सदाहरित रानाचा प्रत्येक तुकडा त्याच्यासाठी बेटासारखा असतो. हवामान दमट असताना जंगले सलग झाली आणि कोरड्या काळात ती पुन्हा तुटली, तर तुटलेल्या तुकड्यांवरील पाली परस्परांपासून वेगळ्या राहून कालांतराने भिन्न जाती बनू शकतात. उत्तर सह्याद्रीतील जाती एकमेकींच्या निकट असूनही वेगळ्या का, हे या मांडणीने बऱ्याच अंशी समजते.

याचा संवर्धनाशी थेट संबंध आहे. गोव्यापासून महाबळेश्वरपर्यंत पसरलेली एकच जात मानली, तर एखाद्या पठारावरचे रान नष्ट झाल्याने तिचे अस्तित्व धोक्यात येत नाही. त्याच पट्ट्यात दहा जाती असतील, तर एक पठार गमावणे म्हणजे एक जात गमावणे ठरू शकते.

धोके व संरक्षण

पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे महाराष्ट्रात आहेत. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. दाजीपूर, कास आणि कोयना येथील निमास्पिसना या संरक्षणाचा अप्रत्यक्ष लाभ मिळतो. आंबोली येथे हिरण्यकेशी उगमाच्या परिसराला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा देण्यात आला. त्यामागचे कारण मात्र तेथे सापडलेला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा मासा होता.

संरक्षित क्षेत्राबाहेर रस्त्यांचे रुंदीकरण, घाटमाथ्यावरील हॉटेले व बंगले, वृक्षतोड, वणवे, कोल्हापूर जिल्ह्यातील सड्यांवरील बॉक्साइटचे खाणकाम आणि बांधकामासाठी दगड उचलणे यांमुळे अधिवास घटतो. जुनी, भेगाळलेल्या सालीची झाडे तोडून त्या जागी गुळगुळीत खोडाची नवी झाडे लावली, तर हिरवळीचे क्षेत्र कागदावर तेवढेच राहते. अंडी घालण्याच्या जागा मात्र जातात.

पवनचक्क्यांचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. साताऱ्याजवळील चाळकेवाडी पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाल्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची संख्या वाढल्याचे त्यात आढळले. त्या सरड्यांच्या वर्तनात व शरीरस्थितीतही बदल झाला होता. हा अभ्यास निमास्पिसवरील नाही. तथापि पठारावरील एका घटकात झालेला बदल लहान सरीसृपांपर्यंत कसा पोचतो, याचे ते याच भूभागातले उदाहरण आहे.

झाडांवर राहणाऱ्या इतर पाली

पश्चिम घाटात झाडांवर राहणाऱ्या पालींची आणखी एक दुर्मिळ प्रजाती आहे. ‘द्रविडोगेको’ असे तिचे नाव असून ती केवळ घाटाच्या दक्षिण भागात आढळते. अल्बर्ट गुंथर यांनी १८७५ मध्ये अण्णामलई डोंगरातील एका पालीचे वर्णन केले होते. माल्कम स्मिथ यांनी १९३३ मध्ये तिच्यासाठी ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. १९९५ मध्ये ती घरपालींच्या ‘हेमिडॅक्टायलस’ प्रजातीत विलीन करण्यात आली. पुढे जनुकीय पुराव्यावरून तिचे वेगळेपण सिद्ध झाले. आर. चैतन्य, वरद गिरी व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या प्रजातीत एकाच वेळी सहा जातींची भर घातली आणि जातींची संख्या सातवर गेली. त्यांतील ‘जानकीए’ हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांच्या, तर ‘डग्लसअॅडम्साय’ हे विनोदी विज्ञानकथा लिहिणारे इंग्रज लेखक डग्लस अॅडम्स यांच्या स्मरणार्थ आहे. द्रविडोगेकोच्या बोटांखालील पट्टिका अखंड असतात. हेमिडॅक्टायलसमध्ये त्या मधोमध दुभागलेल्या असतात. दोन्ही प्रजातींमधला ठळक बाह्य फरक तो हाच.

सह्याद्रीपासून दूर, मराठवाडा व विदर्भाच्या कोरड्या पट्ट्यात झाडाच्या खोडावर दिसणारी पाल सहसा हेमिडॅक्टायलस प्रजातीतली असते. ‘हेमिडॅक्टायलस लेशेनॉल्टिआय’ ही सालीच्या रंगाची पाल भारतात बऱ्याच ठिकाणी आढळते आणि झाडांच्या खोडांवर राहण्यासाठीच ओळखली जाते. हिंगोली, परभणी किंवा नांदेड जिल्ह्यातील शेताच्या बांधावर, कडुनिंबाच्या वा चिंचेच्या जुन्या खोडावर रात्री विजेरीच्या उजेडात पाल दिसल्यास तिचे डोळे आणि बोटे पाहावीत. बाहुली उभ्या चिरेसारखी आणि बोटे टोकाशी रुंद असतील, तर ती निमास्पिस नव्हे.